पुन्हा लावलेला कौल

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या पलटणीला पूर्वेकडील डोंगराळ मुलखात जाण्याचा हुकूम आला. त्यापूर्वी थोडी रजा मिळाली. मी तेव्हा हवालदार होतो. माझे गाव अंथुर्णे. माझ्या सेक्शनमधील दोन जवान जवळच्या कळसचे होते. म्हाकू आणि धुळा, चुलत भाऊ. त्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या मेंढरांमागे फिरलेले आणि कालव्याचे पाणी आल्यावर शेतीत स्थिरावलेले. धुळाचे आईवडील तो लहान असतानाच वारले. म्हाकूचे वडील तात्या यांनी दोघांना एका ताटात वाढवले. गावाबाहेरच्या बिरोबाच्या देवळात पूजा तात्याच करीत.

निघण्याच्या सकाळी तात्यांनी देवाला कौल लावला. प्रश्न विचारायचा आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी दारात उभा होतो.

"देवा, पोरं धाडू का?" तात्यांनी विचारले.

डावी पाकळी पडली.

तात्यांनी ती पाकळी उचलली, धोतराला पुसली. "पानी जास्त झालं हुतं," ते म्हणाले आणि पुन्हा लावली. या वेळी उजवी पडली.

"पयला कौल धुळाचा," म्हाकू म्हणाला. "दुसरा माझा."

"तुला कशाला कौल लागतुय?" धुळा म्हणाला. "देवानं तुला मेंढरातच धरलंय. मोजून सोडतुय."

तात्याही हसले. त्यांनी म्हाकूच्या हाती बिरोबाचा टाक दिला, म्हणजे देव उमटवलेला चांदीचा लहान पत्रा. आम्ही मोटारीने बारामती गाठली आणि तेथून रेल्वेने निघालो.

त्या मुलखात आमचे काम रस्ता खुला ठेवण्याचे होते. रसदीच्या गाड्या सुटण्यापूर्वी सेक्शनने पायी जाऊन रस्ता तपासायचा. पुढचा जवान जमीन पाहतो, मागचे दोन्ही बाजूंचे उतार पाहतात. कित्येक आठवडे काही घडले नाही. पाऊस, जळवा, चिखल आणि परत छावणी.

त्या दिवशी धुके विरल्यावर निघालो. म्हाकू सर्वांत पुढे होता. एका वळणावर झाड आडवे पाडलेले दिसले. बुंध्यावरचा घाव ताजा होता. म्हाकूने हात वर केला आणि त्याच क्षणी वरून फैर आली. पहिल्याच गोळ्या त्याच्या गळ्यात लागल्या. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी गळा धरला आणि पालथा पडला. वायरलेसवाल्याच्या खांद्यातून गोळी आरपार गेली आणि सेटही फुटला.

"ब्रेन, उजवीकडे वर! धुळा, माझ्यामागे!" मी ओरडलो.

ब्रेन, म्हणजे आमची हलकी मशीनगन, तिच्या माऱ्याच्या आडोशाने आम्ही बांबूच्या बेटातून चढलो. वर तिघे होते. एकाला माझा ग्रेनेड लागला. दुसरा दाव, म्हणजे तिकडचा रुंद कोयता, घेऊन धुळावर आला. धुळाने संगीन त्याच्या पोटात घातली. ती बरगडीत अडकली, तेव्हा पाय देऊन ओढून काढली. तिसऱ्याची मांडी फुटली होती. तो पळू शकत नव्हता. त्याच्या बंदुकीची नळी हाताला चटका देत होती. म्हाकूवर फैर झाडणारा हाच, असे आम्ही सर्वांनी मानले.

त्याला रस्त्यावर आणले. म्हाकूला धुळाने आपल्या घोंगडीत गुंडाळले. त्याच्या खिशातून टाक काढला, रक्त पुसले आणि रस्त्याकडेच्या ओल्या दरडीत खोवला. मग एका रानफुलाच्या दोन पाकळ्या तोडून टाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या.

"काय चालले आहे?" मी विचारले.

"देवाला इचारतुय. ह्याला मारू का?"

जवान भोवती उभे राहिले. मारावे असे सर्वांनाच वाटत होते. मलाही वाटत होते. सेट फुटला होता. वरच्या कोणाला विचारण्याची सोय नव्हती.

उजवी पाकळी पडली.

धुळाने रायफलचा बोल्ट ओढला. कैद्याने डोळे मिटले. मी मध्ये उभा राहिलो.

"बाजूला व्हा, आबा." आबा हे गावाकडचे; पलटणीत तो मला नेहमी हवालदारसाहेब म्हणत असे. "म्या न्हाय मारत. देवानं सांगितलंय."

"पुन्हा लाव."

"एकदा मिळाला की."

"कळसला एकदा मिळाला होता. डावा होता. तेव्हा पाणी जास्त झाले होते. आज कमी झाले का?"

त्याने रायफल माझ्यावर रोखली.

"नको तो कौल आला तेव्हा आपण देवाला पुन्हा विचारले," मी म्हणालो. "हवा तो आला की देवाच्या नावावर गोळी घालतोस. मारायचे असेल तर स्वतःच्या नावावर मार. आधी मला मारावे लागेल."

रायफल बराच वेळ माझ्या छातीवर होती. मग त्याने बोल्ट उघडला, गोळी काढली आणि टाक खिशात घातला. त्याने पुन्हा कौल लावला नाही.

"उचला त्याला," तो जवानांना म्हणाला. "पुढची बाजू माझी."

बांबूची दोन स्ट्रेचर करून आम्ही निघालो. आमचा म्हाकू मागे, कैदी पुढे, आणि कैद्याच्या स्ट्रेचरची पुढची बाजू धुळाच्या खांद्यावर. छावणी दिसू लागली तेव्हा समोरच्या टेकडीवरून दोन गोळ्या आल्या. एक वाया गेली. दुसरी धुळाच्या कपाळात शिरली. कैदी स्ट्रेचरसकट त्याच्या अंगावर कोसळला. कैदी जगला. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

पुढच्या रजेत मी कळसला गेलो. तात्या देवळाच्या ओट्यावर बसले होते. मी टाक त्यांच्या हातात दिला आणि घडले ते सर्व सांगितले, काहीही न गाळता. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

"देवानं पयला डावा दिला, तवा म्या ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "मंग उजवा दिला, तवा धुळानं ऐकलं न्हाय. म्हंजी दोघं बी आपल्याच हट्टानं गेली म्हना."

"नाही."

"मंग देवाच्या मनात हुतं?"

"तात्या, त्या मांडी फुटलेल्या माणसाने नेम धरून म्हाकूला मारले. दुसऱ्या एकाने नेम धरून धुळाला मारले. गोळ्या त्यांनी झाडल्या. कैदी मेला असता तरी आमची वाट तीच होती."

"आन् देव?"

"तो तेथे होता की नाही, मला सांगता येणार नाही. मी होतो."

"त्याला हात धरता आला आसता," तात्या म्हणाले. "त्यांचा."

मी देव मानतो, पूजा करतो. ज्या हाताने ते दोघे निर्माण केले, त्याच हाताने तो नेम का धरू दिला, हे मला आजही कळलेले नाही. एवढेच कळते की त्या रस्त्यावर मला जे ठरवायचे होते ते मी ठरवले आणि धुळाने त्याला जे ठरवायचे होते ते ठरवले. तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा मध्ये उभा राहीन. तात्यांनाही मी हेच सांगितले. त्यांनी मला चहा दिला.

तात्यांनी त्यानंतर कधीही कौल लावला नाही. शेळगावपासून लोक सोयरिकीसाठी, विहिरीच्या जागेसाठी विचारायला येत. "तुमचं तुमी ठरवा," ते म्हणत. देवाची आंघोळ, दिवा, नैवेद्य मात्र चुकला नाही.

ते जाईपर्यंत प्रत्येक रजेत मी त्यांच्याकडे जात असे. मी आलेला दिसला की ते दोन पाकळ्या घेत आणि मूर्तीला न लावता उंबऱ्यावर आडव्या ठेवत, जेथून त्या पडू शकणार नाहीत. आता ते काम मी करतो. डावी धुळाची, उजवी म्हाकूची. देवाला काही विचारत नाही.