मामांची बोगी

माझे मामेसासरे उभ्या आयुष्यात एका किलोनेही खोटं बोलले नाहीत, आणि त्यामुळे निम्मा श्रीगोंदा तालुका त्यांना वचकून असे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी हयात घालवली. सख्ख्या भावाच्या उसाची ट्रॉली आली तरी चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. काटा दाखवील तो आकडा, चला पुढं. रिटायर झाले, पण काटा काही डोक्यातून उतरला नाही. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तर टॉवेल-टोपी द्यायच्या आधी या गृहस्थांनी मला धान्याच्या काट्यावर उभं केलं. "छप्पन्न," ते सगळ्या पाव्हण्यांदेखत म्हणाले, "जरा कमीच भरलं." मी ते अजून विसरलेलो नाही.

अशा माणसाला जास्त म्हणजे चांगलं आणि कमी म्हणजे वाईट, एवढं एकच गणित ठाऊक. त्यानेच घात केला. अमेरिकेत वाढलेली त्यांची एकुलती नात डिस्क गोल्फ खेळते. म्हणजे ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकत फेकत लांबच्या, साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. जितक्या कमी फेकींत जाईल तितकं भारी. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "जेवलीस का?" "हो." "थंडी हाय का?" "हो." की संपलं. तिचं मराठी तोकडं, मामांचं इंग्रजी त्याहून तोकडं. एका रविवारी मात्र पोरगी आपणहून म्हणाली, "आजोबा, आज मॅच होती. शेवटी बोगी झाली." बोगी म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फेक जास्त, असं शेजारून तिच्या बापाने, म्हणजे मामांच्या मुलाने, समजावलं. मामा खूश! "एक जास्त? शाब्बास माझी वाघीण! पुढच्या येळंला चार जास्त काढ!" पोरीने फोन बापाच्या हातात दिला तो दिला. पुढचे दोन रविवार ती समोर आलीच नाही.

सोमवारी मामा नगरला माझ्या दारात हजर. मी इंग्रजीचा मास्तर ना! "जावईबापू, त्या खेळाचे समदे शब्द मला शिकवा. पोरगी रुसली हाय." अहो, ते मला तरी कुठे येत होते! पण ऐकतील तर ते मामा कसले. आधी मी मोबाईलवर बघून शिकायचं आणि दर शनिवारी श्रीगोंद्याला जाऊन त्यांना शिकवायचं, असं ठरलं; म्हणजे त्यांनी ठरवलं. मागवलेली चकती आली, ती पहिल्यांदा किराणा दुकानात नेऊन तोलली. एकशे पंच्याहत्तर ग्रॅम, तिच्यावर लिहिलेलं तेवढंच भरलं, तेव्हा कुठे मामांचा या खेळावर विश्वास बसला. गोठ्यातल्या जुन्या साखळ्या लावून एक टोपली त्यांनी लिंबाला टांगली. चकतीची बाहेरची कड खाली झुकवून फेकली की हायझर. वेग सरला की शेवटी ती डावीकडे कलते तो फेड. "रिटायर झाल्यापास्नं आपलाबी फेडच चाललाय की," मामा म्हणाले, आणि तो शब्द एका दमात पाठ झाला. पण पार, म्हणजे ठरवून दिलेल्या फेकी, आणि त्यावरून मोजायची बर्डी, बोगी काही केल्या घशाखाली उतरेनात. कमी ते चांगलं? छे! मी वैतागून म्हटलं, "राहू द्या मामा, या वयात कशाला डोक्याला ताप?" "ऱ्हाऊ द्या कसं? शिकनार म्हंजे शिकनार." मग बांधावर, गोठ्यात, जेवायच्या ताटावर एकच जप: बर्डी एक कमी, बोगी एक जास्त. मामींनी कपाळावर हात मारून घेतला. तिकडून दर रविवारी फोन यायचा, पण एकट्या मुलाचाच.

दोन महिने असे गेले. एका शनिवारी मी मुक्कामाला राहिलो. रविवारी सकाळी मामा लिंबाखाली सरावाला उतरले. आमचं पार तीनचं, आणि मामांची चौथी फेक साखळ्यांत खळ्ळकन शिरली. मी स्वतः मोजत होतो. चार, म्हणजे स्वच्छ बोगी. तेवढ्यात फोन वाजला. बापाने पोरीला जवळजवळ ओढूनच समोर बसवलं होतं. तोंड एवढंसं झालेलं. "परत बोगी," ती पुटपुटली. मला वाटलं, आता घोटाळा होणार.

"हायझर टाकली व्हतीस का?" मामा हळूच म्हणाले. "शेवटाला लई फेड झाला आसंल."

पोरीने झटकन मान वर केली. "आजोबा, तुम्हाला फेड माहीत आहे?"

"मीबी खेळतो की. पार तीनचं ठेवलंय."

"मग तुमचा स्कोर?"

"अकरा," मामा म्हणाले.

"अकरा? आजोबा!" पोरगी जी हसत सुटली ती थांबेना. मग अंगठा कुठे ठेवायचा, मनगट कसं फिरवायचं, हे ती मोडक्यातोडक्या मराठीत शिकवत बसली आणि मामा मुकाट्याने शिकत राहिले. मामींनी चहा दोनदा गरम करून आणला.

फोन ठेवल्यावर मला राहवेना. "मामा, चार होत्या. मी मोजल्यात."

"व्हय, चारच," चकती सदऱ्याला पुसत ते म्हणाले. "पर चार सांगितलं आसतं तर शिकवाया बसली आसती व्हय ती?" मग चकती टोपलीत ठेवून दिली. "पुढच्या रईवारी धा सांगतो. मंग नऊ. घाई न्हाई करायची."