धुण्याचा दगड

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या थोरल्याने त्याचं काम समजावून सांगितलं. अनोळखी इमारतीत रोबो सोडायचा. इमारत कशी आहे ते त्याला ठाऊक नसतं, आपण तिच्यात कुठे आहोत तेही नसतं. चालता चालता त्याने नकाशा काढायचा आणि त्याच नकाशात स्वतःलाही शोधायचं. "आज्जी, तुला हे अवघड वाटेल," म्हणाला. वाटलं नाही. तुमच्या पणजीला हेच करताना मी पाहिलं आहे. माझ्याही डोळ्यांत आता पडदा येऊ लागलाय, म्हणून दिसतंय तोवर लिहून ठेवते.

धरणाचं पाणी चढणार म्हणून आमचं सुपा गाव सोडून आम्ही रामनगरला आलो, तेव्हा सासूबाईंची, म्हणजे तुमच्या पणजीची, नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या गावात त्यांना काठीही लागत नसे. विहीर, गोठा, देऊळ, काळी नदीचा घाट, सगळं पायांना पाठ. इथे मात्र एका मापाच्या घरांच्या रांगा. पहिले काही आठवडे त्या उंबऱ्यावर नुसत्या बसून राहिल्या. तुमचे आजोबा म्हणाले, "अव्वा, दारापासून नळापर्यंत दोरी बांधतो. धरून जा."

"दोरी गुरांना बांधत्यात," त्या म्हणाल्या. "मला माझी वाट पायजे."

आमच्या दाराशी घाटावरचा धुण्याचा दगड होता. गाव सोडताना तो गाडीत घालून आणला होता. पाय धुऊन घरात शिरायचं ते त्याच्यावर. सासूबाई त्या दगडापासून निघत. थोडं जायचं, फणस चाचपायचा, गिरणीचा आवाज कोणत्या कानाला येतो ते बघायचं, आणि परत. चालताना अंदाज ढळतच जाई. दगडाला पाय लागला की किती ढळला ते कळे. मग वाटेतलं सगळंच त्या मनात सरकवून नीट बसवत. "म्हंजे फणस मला वाटला त्येच्यापरास अलीकडं हाय. मग नळबी अलीकडं आला."

शेजारीण चिडवायची, "म्हातारे, सरकारला नकाशा काढून दे की गे!"

"दीन की. आदी त्येनं माझं गाव वर काढून द्यावं."

पावसाळा संपेपर्यंत त्या एकट्या नळावर जाऊ लागल्या. घागर माझ्या हातात देताना मान जराशी ताठ असे.

एका दुपारी वीज गेली आणि गिरणी बंद पडली. नळावरून परतताना त्या एक रांग आधीच वळल्या. पायाला दगड लागला. गुळगुळीत, मधे खोलगट, कडेला उतरता. आपलाच. पण सुपा सोडताना घरोघरच्या लोकांनी त्याच घाटावरचे दगड आणले होते आणि तसेच दाराशी मांडले होते. हे आम्हा डोळसांना रोज दिसत होतं. त्यांना ते सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या घरी उजवीकडे गोठा होता; त्या दगडावर पाय धुऊन त्या नेहमीसारख्या तिकडे वळल्या. त्या घराच्या उजवीकडे गोठा नव्हता. भिंती लिंपायला माती काढून काढून झालेला खड्डा होता.

मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं नाही.

"पाय म्हनत हुतं, घर अजून लांब हाय," खाटेवर त्या मला म्हणाल्या. "पायांचं खरं हुतं गे. मी दगडाचं आयकलं. दगड कवा चुकला नव्हता."

तुमच्या आजोबांनी छिन्नी घेऊन आमच्या दगडाच्या कडेला खाच पाडली. ठोके ऐकून सासूबाईंनी विचारलं, "काय करतोस रे?"

"खूण करतोय, अव्वा. पुन्हा चुकायला नको."

"आता कुनाला?"

ठोके थांबले, मग पुन्हा सुरू झाले. पुढच्या काही दिवसांत इतर दारांतूनही तसे ठोके ऐकू येऊ लागले.

सासूबाई पुन्हा उठल्या नाहीत. रामनगरचं नावही त्या काढेनाशा झाल्या. पडल्या पडल्या सुप्याच्या वाटा बोलत: विहिरीपासून देवळाकडे, देवळामागून घाटावर. तिथे त्या एकदाही चुकल्या नाहीत. त्या सगळ्या वाटांवर तेव्हा पाणी होतं. उळवीच्या जत्रेच्या गाड्या रस्त्याने जात होत्या, त्या दिवसांत त्या गेल्या.

खड्डा बुजला, फणस तोडला, गिरणी बंद पडून जमाना झाला. दगड अजून दारात आहे. खाच बोटाला लागते.