धनीबाईनं शर्यत थांबवली

रुईखेडच्या धरणावर नाव चालवणाऱ्या धनीबाईला नावेत उभं राहून गप्पा हाणणाऱ्यांचा भयंकर राग यायचा. "बस, नाई त उतर!" असं ती एकदाच ओरडायची आणि भलाभला पाटील खाली बसायचा. तिच्या नवऱ्याचं, सेवादासचं, नेमकं उलट. त्याला माणसांचाच कंटाळा. त्यांच्या तांड्याची जमीन धरणात गेली तेव्हा नाव चालवायचं काम आधी त्यालाच मिळालं होतं. आठवडाभरात त्यानं वल्हं बायकोच्या हातात दिलं, म्हणाला, "लोकं लय बोलते," आणि ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब फुगवून, तीवर बसून, मासळी धरायला निघून गेला. तेव्हापासून अकरा वर्षं नाव धनीबाईची आणि ट्यूब सेवादासची.

पलीकडच्या काठावर कापसाची वावरं. सकाळी वेचणीच्या बायका न्यायच्या, संध्याकाळी आणायच्या, हे तिचं काम. या घाटाचा एक रिवाज होता. नाव म्हणजे लक्ष्मी, तिच्यात पायतण घालून चढायचं नाही. सगळ्यांच्या चपला कडुनिंबाखाली ओळीनं राहायच्या. मासळीवालेही पाण्यात जाताना तिथंच काढायचे. धनीबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण अंधार पडायच्या आत ती निंबाखाली नजर टाकायची. एक जोड उरला असेल तर एक माणूस पाण्यापलीकडे आहे. मग ती पुन्हा नाव सोडायची, शिव्या देत देत, पण सोडायची.

दोन हजार सातचं साल. कापसानं त्या तीन-चार वर्षांत अख्ख्या जिल्ह्याचं तोंड उतरवून टाकलं होतं. भाव नाही, पेपर उघडावा तर वाईट बातमी. अशात कुठल्याशा समितीच्या डोक्यात आलं, की जिल्ह्याला जरा बरं वाटलं पाहिजे, तर धरणावर मोटारबोटींची शर्यत घ्या! आता काय बोलावं? कापसाला भाव देता येत नाही तर बोटी उडवा. पण जाऊ द्या. माणसाला तमाशा आवडतो, आणि खरं सांगायचं तर धनीबाईलाही आवडला होता.

धरणाचे इंजिनीअर चंद्रशेखर हे यवतमाळचे, घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, शिस्तीचा माणूस. शर्यतीआधी चार दिवस ते कागद घेऊन घाटावर आले आणि निंबाखाली बसून एकेक नियम वाचून दाखवू लागले. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत नावा बंद. पाण्यावर खुणेला सोडलेल्या नारिंगी पिंपांच्या आत शर्यतीशिवाय कोणी जायचं नाही. बचावाच्या बोटीतल्या प्रत्येकानं तरंगतं जाकीट घालायचं. काही गडबड दिसली तर शिटी वाजवायची.

"शिटी नाई चालत साहेब," धनीबाई म्हणाली.

"का?"

"वारा तिकडून येते. शिटी इथंच मरते. झेंडा द्या."

चंद्रशेखरांनी पेन काढून शिटी खोडली आणि झेंडा लिहिलं. त्या दिवशी धनीबाईच्या मनात त्यांच्याबद्दल आदर बसला. मग त्यांनी तिच्या हातात लाल झेंडा दिला. हा वर गेला की सगळ्यांनी इंजिनं बंद करायची. "आणि सुरू करायच्या आधी घाटावरून मला तुम्ही सांगायचं, पाणी मोकळं आहे म्हणून. तुम्ही म्हणाल तेव्हाच बोटी सुटतील. पण हे बघा, उगाच झेंडा दाखवला तर समिती पुढच्या वर्षी नावेचं काम दुसऱ्याला देईल. ते माझ्या हातात राहणार नाही."

"मी कायले उगाच दाखवू?" धनीबाई म्हणाली.

दोन दिवस ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा झाला: रविवारी नऊनंतर धरणात नावा बंद, डोंगे बंद, होड्या बंद.

रविवारी धनीबाई पहाटेच घाटावर आली. सेवादास तेव्हा घोरत होता. आज तो नेरच्या बाजारात सुतळी आणायला जाणार, असं ती धरून चालली होती. धरून चालली होती म्हणजे काय, तो सांगणार थोडाच!

आठ वाजेपर्यंत काठावर मुंगीला वाट उरली नाही. नेरहून बसा भरभरून आल्या, यवतमाळहून जीपा आल्या. आणि झालं असं, की या शहरी मंडळींनी निंबाखाली चार चपला बघितल्या आणि त्यांना वाटलं, इथं देवाचं काही ठाणं असावं. बघता बघता निंबाखाली दोनशे जोड! काहींनी तर निंबाला हात जोडले. धनीबाईनं कपाळाला हात लावला. आता यातून काय मोजणार? मग तिनं नावा मोजल्या. तिची एक, मासळी सोसायटीचे आठ डोंगे. नऊच्या नऊ काठाला बांधलेले. तिनं दोनदा बघितलं आणि चंद्रशेखरांना सांगितलं, "पानी मोकळं हाय साहेब."

सहा बोटी ओळीत लागल्या. इंजिनांनी असा आवाज काढला की बगळे धरण सोडून गेले. माईकवर निवेदक मंदार, जाकीट घातलेला, गळा फाडून ओरडत होता. "दहा! नऊ!"

गर्दीतली एक पोरगी बापाच्या खांद्यावरून रडायला लागली, तिची चप्पल सापडत नव्हती. धनीबाईनं सहज निंबाकडे बघितलं. बुंध्याला टेकून, सगळ्यांच्या आधी कोणीतरी काढून ठेवल्यासारखा, एक जोड होता. टायरचा तळ, निळ्या दोरीचा पट्टा. तो पट्टा तिनंच दिवाळीत सेवादासच्या पायतणाला ओवला होता.

पहाटे ती साहेबांना गाठायला गेली तेव्हाच तो पाण्यात उतरला असणार. ट्यूब! तिनं नावा मोजल्या, डोंगे मोजले, ट्यूब मोजली नाही. या घाटावर ट्यूबला कोणी नाव म्हणतच नाही. ट्यूबवर बसलेला माणूस पाण्याला चिकटून असतो, नुसतं डोकं आणि खांदे वर. धावत्या बोटीतून तो दिसायचा तो अंगावर गेल्यावरच.

"पाच! चार!"

नावेचं काम गेलं तर गेलं. धनीबाईनं झेंडा उचलला आणि गुडघाभर पाण्यात शिरून दोन्ही हातांनी असा हलवला की काठी मोडायची बाकी राहिली. एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं, मग सगळी. काठावरच्या मंडपात पाहुणे उभे राहिले. समितीचा कोणी "कोण आहे ती बाई?" म्हणून ओरडला. चंद्रशेखर पँट भिजवत तिच्याजवळ धावत आले.

"काय झालं धनीबाई?"

"मानूस हाय पान्यात."

"कोण?"

बावीस वर्षांत नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. तांड्यातली कोणतीच बाई घेत नाही. "वसंताचा बाप," ती म्हणाली.

"कोण वसंता? अहो, नाव सांगा, माईकवरून पुकारतो!"

"तुमचा आवाज आइकून तो नाई येत. सकाळपासून भोंगा बोंबलून राह्यला, आला का?" सेवादास भोंग्याला मोजत नव्हता. बोलणारी लोकं दिसली की तो आणखी आत सरकायचा, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? "मले द्या ते."

माईक घेऊन पाण्याशी आलेल्या मंदारनं चंद्रशेखरांकडे बघितलं. चंद्रशेखरांनी मान हलवली. माईक तिच्या हातात आला आणि समोर पाच हजार माणसं. तांड्यातल्या बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. तिनं डोळे मिटले.

"सेवादास," ती हळूच म्हणाली. भोंग्यांनी ते पलीकडच्या डोंगरापर्यंत नेलं. मग तिला धीर आला, की राग आला, देव जाणे. "ओ सेवादास! सेवादास राठोड! आइकू येते का तुले? हात वर कर!"

पाणी तसंच. एक क्षण, दोन क्षण. आणि लांब, जिथं चौथ्या पिंपाला वळसा घालून बोटी फिरणार होत्या, तिथल्या बुडालेल्या बाभळीच्या खुंटांमागून एक फळी वर आली. ट्यूब वल्हवायची फळी. तिच्यामागे एक डोकं.

काठावरून जी आरोळी उठली ती मी काय सांगू! लोकांनी शर्यत जिंकल्यासारख्या टोप्या उडवल्या. पहिल्या बोटीवरचा जवान गडी डोक्यावरचं हेल्मेट काढून खाली बसला आणि पाणी मागू लागला. तोच सगळ्यात पुढं राहणार होता. मंडपातल्या पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तरी.

बचावाची बोट गेली. सेवादास जाळं सोडायला तयार नव्हता म्हणे. शेवटी जाळ्यासकट, ट्यूबसकट त्याला दोरीनं ओढत आणलं. काठाशी उतरला तो कावराबावरा. एवढी माणसं बघून परत पाण्यात जातो की काय असं वाटलं.

"मरायचं होतं का तुले?" धनीबाई त्याच्या अंगावर धावली. "दोन दिस पुकारा चालू होता! कान काय मासळीले इकले?"

"पुकारा नावाईचा होता," सेवादास म्हणाला. "मी काय नावेत होतो?"

धनीबाई चंद्रशेखरांकडे वळली. "साहेब, त्याची चूक नाई. मीनं नावा मोजल्या, मानसं नाई मोजली. मीच म्हनलं पानी मोकळं हाय. काम काढाचं त काढा."

चंद्रशेखर स्वतःच घामानं निथळत होते. त्यांनी खिशातून तो नियमांचा कागद काढला, पेन काढलं, आणि खाली जागा होती तिथं उभ्या उभ्या लिहिलं. "तुमचं काम काढलं तर मग मला झोप लागायची नाही," ते म्हणाले. "हे काय लिहिलं माहीत आहे? नावांसारखी ट्यूबपण बंद. आणि त्याखाली, सुरू करण्याआधी घाटावरच्या बाईला विचारून प्रत्येक माणसाचं नाव पुकारायचं."

"सगळ्याईचं पुकारा," तांड्यातली बसंतीबाई मागून म्हणाली, "पन सेवादासचं हिलेच पुकारू द्या! लय गोड घेते." बायका अशा हसल्या की काय सांगावं. धनीबाईचे कान लाल झाले. "चूप बस गं!" ती ओरडली, आणि तिलाही हसू आलं, आणि हसता हसता ती मटकन खाली बसली.

शर्यत अर्ध्या तासानं सुटली. कोण जिंकलं ते त्या दोघांनी बघितलं नाही. ते निंबामागे, गर्दीकडे पाठ करून बसले होते. सेवादास जाळ्यातला गुंता सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला,

"मले वाटलं कोनी गेलं."

"काहून?"

"तुह्या तोंडून माह्यं नाव आलं म्हनून. तुह्या बापाचं मनात आलं. मग पोराचं आलं." त्याचे हात थांबले. "एवढ्या दुरून येतानी सगळ्याईचे तोंडं समोर आले. कोन गेलं?"

धनीबाईनं त्याच्या ओल्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, लहान मूल धरतं तशी, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कोनीच नाई गेलं," ती म्हणाली. "कोनीच नाई."