आमच्या घरी आलेली बोल्टाची रायफल

मला बंदुकीतलं कळतं, असं सांगितलं तर नातसुना हसतात. बाई, तुम्ही कधी बंदूक धरलीत? चालवली नाही, पण एक बंदूक मी निवडायला गेले होते. तिचा बोल्ट काढून तेल घालायची, पुसायची आणि परत बसवायची. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. हे होते तोवर सांगायची सोय नव्हती आणि हे गेल्यावर ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. आता लिहिते. माझं लिहिणं म्हणजे भावाच्या पाटीवर डोकावून शिकलेलं, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर चालवून घ्या.

आमचं गाव माणगावपासून चार-पाच कोसांवर, डोंगराच्या पोटाशी. भातशेती, दोन म्हशी आणि सासऱ्यांच्या वेळेपासून घरात एक ठासणीची बंदूक. सासरे गेल्यावर परवाना ह्यांच्या नावावर झाला. गावात बंदूक एवढी एकच, त्यामुळे शेतात डुक्कर शिरलं की लोक आमच्याच दारात येणार.

त्या श्रावणात वाघ आमच्या गोठ्यापाशी आला. होता बिबट्याच, पण आम्ही त्याला वाघच म्हणायचो. ह्यांनी बार टाकला. पावसाने दारू सर्दावलेली होती, बार नुसता फुसकला आणि गोळा वाघाच्या पुढच्या पंजाला लागला. वाघ लंगडत गेला. आठ-दहा दिवसांनी आमचा कातकरी वाटाड्या चिखलातला माग बघून आला आणि म्हणाला, "दादा, तीनच पाय टेकतोय. आता ह्याला भेकर न्हाय गावायचं."

बरोबर बोलला तो. भादव्यात गवताला गेलेली एक बाई त्या वाघाने नेली. दोन लेकरांची आई.

हे जेवेनासे झाले. ताट पुढे ठेवलं की तसंच उठायचे. कोणी तोंडावर बोललं नाही, पण पाणवठ्यावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. तो वाघ माणसाच्या वाटेला आमच्या बंदुकीने लावला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ह्यांनी एकच धरलं, की हा वाघ मीच मारणार आणि त्याला ठासणीची बंदूक उपयोगाची नाही.

नव्या बंदुकीचा परवाना मिळाला. पैसे कुठून आणले ते सांगत बसत नाही. कचेरीतल्या कारकुनाने काय घ्यायचं आणि काय नाही ते चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं होतं, आणि ती चिठ्ठी वाचणारी घरात मी एकटी. म्हणून मी मुंबईला गेले. कडेवर आठ महिन्यांचं मूल. धरमतरहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो, माझ्या भावाच्या खोलीवर रात्र काढली आणि सकाळी दुकानात.

दुकानदार म्हातारा पारशी होता. मला पोरासकट आत शिरताना बघून तो ह्यांना म्हणाला, "शेठ, बंदूक घेते की घरवालीला साडी घेते?"

"चिठ्ठी तिच्याकडे हाय," हे म्हणाले.

मी चिठ्ठी वाचली. पलटणीत वापरतात त्या गोळीची रायफल घ्यायची नाही, सरकारची मनाई आहे, असं तिच्यात होतं. नेमकी तीच ह्यांच्या मनात होती. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दुसऱ्या तीन रायफली काढून गादीवर निजवल्या. एक जड होती. ती ह्यांनी उचलली आणि लगेच ठेवली, म्हणाले, "ही घेऊन डोंगर चढायचा म्हंजे वाघालाच खाली बोलवावं लागंल." दुसरीची नळी लांब, करवंदीच्या जाळीत अडकली असती. तिसरी बेताची होती. पाच काडतुसं पोटात राहायची. बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, की नवं काडतूस नळीत. आवाज कसा, तर नवीन कडी-कोयंड्यासारखा, साफ. पुन्हा दारू भरायची नाही, गज मारायचा नाही. ह्यांनी तो बोल्ट दहा-बारा वेळा पुढेमागे केला. श्रावणापासून पहिल्यांदा मी ह्यांच्या तोंडावर थोडं तेज बघितलं.

म्हाताऱ्याने ह्यांचा हात कोपरात वाकवला, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, आत ठेवला आणि बोट खटक्यापर्यंत पोचतं का ते पाहिलं. दस्ता लांब पडत होता. तो दोन बोटं कापून दिला. नळीच्या टोकाला नेम धरायची जी माशी असते ती काळी होती, ती काढून चांदीचा मणी असलेली बसवली, झुंजूमुंजू उजेडात दिसावी म्हणून. खांद्याला अडकवायला कातडी पट्टा घेतला. गोळ्या मऊ शिशाच्या टोकाच्या, आत जाऊन पसरणाऱ्या. दुर्बीणही दाखवली त्याने, पण हे नको म्हणाले. जाळीतून वाघ निघतो तो दहा पावलांवर, तिथे दुर्बीण काय करायची.

शेवटी म्हाताऱ्याने बोल्ट कसा काढायचा ते दाखवलं. हे मला म्हणाले, "तू बघ नीट. तुझ्या ध्यानात राहतं." मी बघितलं. बोल्टाच्या आत एक सुई असते, तिच्याभोवती स्प्रिंग. खटका दाबला की ती सुई काडतुसाच्या बुडावर बसते आणि बार उडतो. म्हाताऱ्याने तेलाची एक लहान बाटली दिली आणि म्हणाला, "एच तेल घालायचा. थोडा थोडा. आणि कपड्याने पुसून काढायचा, हां."

दसऱ्याला नांगर, कोयता, विळे यांच्या शेजारी रायफल पुजली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला कुंकू लावलं आणि मला बजावलं, "आता हिला हात लावायचा न्हाय. बाईमाणसाचा हात हत्याराला लागला की हत्यार हलकं पडतं." पण बोल्ट काढायला मलाच येत होता. हे दिवसभर डोंगरात माग काढत फिरायचे, परत आले की उभ्या उभ्या झोपायचे. ते रायफल माझ्याकडे द्यायचे आणि मी मागच्या पडवीत बसून पुसायची. आत्याबाईंना दिसायचं. त्या पाठ फिरवायच्या.

आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. लोखंड नुसतं ठेवलं तरी गंजतं. मी रोज तेल घालायची, जरा जास्तच. दिवाळीला बाटली रिकामी झाली. मुंबईला कोण जाणार? घरात खोबरेल होतं, दिवेआगरच्या मावशीकडून आलेलं, घाण्याचं. डोक्याला तेच, पोराच्या अंगाला तेच, कोयत्याला तेच. सासरेही ठासणीच्या बंदुकीला तेच लावत. मी बोल्ट काढला, खोबरेलाची धार आत सोडली आणि बसवला. बोल्ट लोण्यासारखा फिरायला लागला. मला वाटलं, ह्या तेलाने बरं चालतंय की.

मध्ये वाघ कुठे गडप झाला कोण जाणे. मग पौषात त्याने शेजारच्या वाडीतला एक म्हातारा नेला. आता ह्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. वाटाड्याने माग लावून आणला, की वाघ ओढ्याच्या वरच्या करवंदीत आहे. पहाटेच हाका घालायचा ठरलं. हाका म्हणजे माणसांनी एका बाजूने डबे वाजवत, ओरडत यायचं आणि जनावर बंदुकीसमोर काढायचं.

त्या दिवशी थंडी अशी, की मळ्यातल्या गवतावर पांढरं दव धरलेलं. वाटाड्या अंगात फाटकी बंडी घालून दारात आला. रायफलीकडे बघून म्हणाला, "दादा, हिला तरी पांघरूण घाला. आमचं काय, आमी कुडकुडतोच."

"तू ओढ्याच्या तोंडाशी ऱ्हा, माझ्या उजव्या हाताला," हे म्हणाले. "तिकडनं येणार न्हाय तो."

"तुमच्या म्होरं आल्यावर मंग माझ्याकडं कशाला येतोय," तो म्हणाला आणि हसला.

मी चुलीपाशी होते. पोराच्या अंगाला लावायचं तेल गोठून वाटीत पांढरं झालेलं, ते मी निखाऱ्याशी सरकवलं. पातळ झालं, पोराला चोळलं. हे सगळं मी हाताने करत होते आणि दारातून माझा नवरा तेच तेल घातलेली रायफल खांद्याला लावून जात होता. माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

पुढचं मी बघितलं नाही, ह्यांच्याकडून आणि बाकीच्यांकडून ऐकलं. वाघ निघाला तो ह्यांच्यासमोरच, दहा-बारा पावलांवर. ह्यांनी चांदीचा मणी त्याच्या खांद्यावर धरला आणि खटका दाबला. बार उडाला नाही. आत कुणीतरी ओल्या मातीवर बोट टेकवावं तसा बारीक आवाज आला. बोल्ट उचलायला जड गेला. ओढला, ढकलला, दुसरं काडतूस. पुन्हा तोच आवाज. वाघाला तेवढी फट पुरली. तो उजवीकडे वळला आणि वाटाड्याच्या अंगावर गेला. त्याच्या हातात नुसती काठी होती. लोक धावले, तेव्हा वाघ त्याला टाकून रानात गेला. खांदा आणि मान फाडलेली.

त्याला झोळीत घालून त्याच्या झोपडीत आणला. गावचे वैदू आले, हळद भरली, पाला बांधला. तो शुद्धीवर होता.

दुपारी आमच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. ती दोन काडतुसं ह्यांनी उचलून आणली होती. बुडाला नुसता ओरखडा. हे म्हणाले, "काडतुसंच खराब." रायफल सकाळपासून उन्हात कुंपणाला टेकलेली. ह्यांनी त्यातलंच एक काडतूस घातलं आणि बांधाकडे रोखून खटका दाबला. धाडकन बार उडाला, माती उडाली. दुसरंही उडालं.

मग एक जण उठता उठता म्हणाला, "वाघ म्होरं नसला की बार बरोबर उडतो."

दुसरा म्हणाला, "बोट थरथरलं असंल. माणूसच हाय."

आत्याबाई एवढंच बोलल्या, "मी दसऱ्यालाच सांगितलं होतं." आणि माझ्याकडे बघितलं. माणसं निघून गेली. हे अंगणातच बसून राहिले. मी पाणी नेलं तर म्हणाले, "मी दाबला होता गं खटका. दाबला होता का न्हाय, मलाच कळंना झालंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी उठले तर हे कमरेला कोयता लावून, ठासणीची बंदूक घेऊन पडवीत उभे. एकटेच निघालेले. नवी रायफल खुंटीला.

"ही कशाला घेतलीत? हिने काय होणार?"

"जे व्हायचं ते होईल. ती हलकी पडलीय."

"वाघाला काल काय बी लागलेलं न्हाय, तीन पायांवर बी जोर हाय त्याला. एक बार फुकट गेला की..."

"मंग जाऊ दे," हे म्हणाले. "मी घरी बसून तरी काय करू? त्याच्या बायकोला तोंड कुठलं दावू?"

मला कळलं, की हे परत यायला निघालेले नाहीत. मी काय करावं? ओरडून उपयोग नाही, पाय धरून उपयोग नाही. पोर रडायला लागलं म्हणून सवयीने मी तेलाची वाटी चुलीकडे न्यायला उचलली. उपडी केली असती तरी सांडली नसती, इतकं घट्ट पांढरं तेल. वाटी मी तशीच खाली ठेवली.

मी खुंटीवरची रायफल काढली, ह्यांच्यादेखत बोल्ट सोडवला आणि आत बोट घातलं. सुईभोवती, स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात पांढरं खोबरेल गच्च बसलेलं, मेणासारखं. सुई सुटत होती, पण जोराने बसत नव्हती. दुपारी उन्हाने तेच वितळलं होतं.

"तुमचं बोट थरथरलं न्हाय," मी म्हणाले. "मी खोबरेल घातलं होतं. दिवाळीपासनं तेच घालते."

हे माझ्या बोटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. हे खाली बसले आणि म्हणाले, "घासलेट आण."

दोघांनी मिळून बोल्ट घासलेटात धुतला, फडक्याने पुसून कोरडा केला. एक थेंब तेल ठेवलं नाही. ह्यांनी तो बसवला, रिकामाच खटका दाबला. ठक्क. दुकानात वाजला होता तसा. ठासणीची बंदूक भिंतीला टेकवून हे रायफल घेऊन गेले.

सूर्य डोक्यावर यायच्या आत एक बार ऐकू आला. एकच. मी दुसऱ्याची वाट बघत पडवीत उभी राहिले. दुसरा झाला नाही. हे चालत येईपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता.

वाघाला काठीला बांधून लोकांनी आधी वाटाड्याच्या झोपडीपुढे नेलं. ह्यांनीच तसं सांगितलं. मीही गेले. आत तो पालथा पडलेला, अंग तापाने फणफणलेलं. त्याची बायको माश्या वारत बसली होती.

"वाजली का?" त्याने विचारलं.

"वाजली," हे म्हणाले.

"मंग काल काय झाल्तं तिला?"

हे त्याच्या उशाशी बसले. "थंडीनं आत तेल गोठलं हुतं. खोबरेल. मीच घातलं हुतं, मला कळलं न्हाय."

मी दाराशी उभी होते, मूल कडेवर. तोंड उघडलं नाही.

तो म्हणाला, "खोबरेल आमाला डोक्याला मिळत न्हाय, आनि तुमी बंदुकीला घालता." हसायला गेला, पण खांदा हलला आणि कळ आली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको पुढे कितीतरी वर्षं आमच्या शेतावर लावणीला यायची. ह्यांच्याशी ती कधी एक शब्द बोलली नाही. हे बांधावर आले की ती पाठ करून उभी राहायची आणि हे मुकाट्याने दुसऱ्या वाटेने जायचे. माझ्याशी बोलायची. दुपारी भाकर सोडली की माझ्या शेजारी येऊन बसायची, माझ्या पोरांची विचारपूस करायची.