पाण्याच्या दिवसाची गृहभेट

मंगलाअक्का गेल्या महिन्यात, बुधवारी सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान, पारोळ्याच्या राहत्या घरी हृदयविकाराने गेली. वय अठ्ठावन्न. शेजारच्या बाईंनी मला जळगावला फोन केला तेव्हा आठ वाजायचे होते. अक्का माझी मावसबहीण, सात वर्षांनी मोठी. मी पोचलो तेव्हा तिला खाटेवर ठेवलं होतं. अंगावर बाहेर जायची साडी होती. सव्वाआठच्या गाडीने ती धुळ्याला निघणार होती. तिच्या मोबाइलवरून केलेला शेवटचा फोन धुळ्यातल्या एका गल्लीच्या वॉलमनला, म्हणजे नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला होता. मी नंतर त्याच्याशी बोललो. अक्काने विचारलं होतं, आज सोडणार का? तो म्हणाला होता, दहापर्यंत सोडतो. शिवाय नेहमीसारखी चेष्टाही केली होती, की अक्का, पारोळ्याला नळ नाहीत का, की धुळ्याचं पाणी बघायला एवढ्या लांब येता. अक्का हसली होती, असं त्याने सांगितलं.

ज्या मुलांना आईवडील नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, त्यांना काही वर्षांसाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलं जातं. दत्तक नव्हे, प्रतिपालन. कोणतं घर त्यासाठी योग्य हे बाल कल्याण समिती ठरवते, आणि समितीपुढे घराचा अहवाल जातो. एका संस्थेच्या वतीने असे अहवाल लिहिणं हे अक्काचं काम. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत, शिरपूरपासून रावेरपर्यंत, ती एसटीने फिरायची. कपाशीवर फवारायचं औषध घरात कुठे ठेवता, कूलरला अर्थिंग आहे का, जिन्याला कठडा आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, असे प्रश्न छापील अर्जात होते. कूलरला ती चाचणीचा स्क्रू ड्रायव्हर लावून बघायची. एका घरच्या म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, बाई, पोर द्यायला आलात की घर विकत घ्यायला? हा किस्सा ती स्वतःच सांगायची. तेव्हा सांगायची.

धुळ्याच्या विमलबाई आणि भटूनाना हे जोडपं तिला पहिल्याच भेटीत आवडलं होतं. नाना कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले, मुली लग्न होऊन गेलेल्या, घर स्वच्छ. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या दोन बहिणी, नऊ वर्षांची सुनीता आणि साडेचार वर्षांची मीना, अक्काच्या अहवालावरून त्यांच्याकडे आल्या. त्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्यामुळे प्रत्येक घराच्या ओट्याखाली किंवा पुढच्या खोलीत जमिनीत टाकी असते. पाण्याच्या दिवशी झाकण बाजूला ठेवून तिच्यात पाइप सोडतात, कपडे, भांडी, ओटा सगळं त्याच दोन तासांत धुऊन होतं आणि शेजारचेही कळश्या घेऊन येतात. अशा दिवशी पाहुणा कुणालाच नको असतो. अक्का आधी फोन करून जायची. पाण्याचा दिवस असला की विमलबाई म्हणायच्या, “अक्का, आज पानी शे, बठ्ठं घर वल्लं. सकाय या ना.” अक्का दुसऱ्या दिवशी जायची. सगळं घर ओलं आहे, उद्या या, असं सगळीच घरं म्हणायची आणि सगळीकडेच ती दुसऱ्या दिवशी जायची. वर्षानुवर्षं तिने जेवढ्या टाक्या पाहिल्या, तेवढ्यांची झाकणं बंद होती.

मीना दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, पाण्याच्या दिवशी सकाळी, पुढच्या खोलीतल्या टाकीत पडून गेली. विमलबाई मागे कपडे वाळत घालत होत्या, नाना शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप जोडून देत होते. सुनीताने आधी टाकीजवळची चप्पल पाहिली.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. धुळ्याहून आलेली बातमी मी चार ओळींची केली आणि आतल्या पानावर लावली. ती अक्काच्या कामातली मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तक्रार नव्हती. तिने विचारलं, “भाऊ, ‘खेळता खेळता’ हे तुला कुणी सांगितलं?” मी म्हणालो, कुणी नाही, आपण तसं लिहितो. ती म्हणाली, “ती खेळत नव्हती रे. पाणी भरत होती. गडू तिच्या हातात होता…” खुलासा छापू का, असं मी विचारलं. नको म्हणाली.

पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद करून तपास बंद केला. सुनीताला बालगृहात हलवलं. अक्कावर कसलाही ठपका आला नाही. वरिष्ठांनी तिचा जुना अहवाल काढून पाहिला. टाकीला झाकण आहे का, या प्रश्नापुढे तिच्या अक्षरात ‘होय’ होतं, आणि ते खरं होतं. माझ्या घरी येऊन तिने ती झेरॉक्स मला दाखवली. “मी खोटं लिहिलं नाही, भाऊ. तेच तर…” एवढंच म्हणाली. त्याच वेळी आमच्याकडे नळ आला. ती कागद तसाच सोडून उठली आणि मागच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिली. पाणी जाईपर्यंत आत आली नाही. आमच्याकडे लहान मूल कुणीही नव्हतं.

पुढे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. रावेरला एका लग्नाच्या घरी ती जेवणाची थाळी घेऊन पूर्ण वेळ अंगणातल्या एका पत्र्यावर उभी होती. बायका म्हणाल्या, अक्का, जागा धरून ठेवली का, बसा की इकडे. ती म्हणाली, गुडघे दुखतात, बसवत नाही. पत्र्याखाली टाकी होती. नात्यातली पोरं भोवती पळत होती. हात धुवायलाही ती हलली नाही, मीच तांब्या नेऊन दिला.

कामात तिने एक बदल केला. घरांना आधी फोन करणं बंद केलं आणि वॉलमनला विचारून प्रत्येक घरी पाण्याच्याच दिवशी जाऊ लागली. घरांना हे आवडलं नाही. ओल्या पायांनी, खोचलेल्या पदराने दार उघडणाऱ्या बायका तोंडावर बोलायच्या. दोन कुटुंबांनी संस्थेकडे तक्रार केली. अर्जात पाण्याच्या दिवसाचा रकाना घालावा असं पत्र तिने वर पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

बालगृहात सुनीता एकच गोष्ट मागत होती, विमलबाईंकडे परत जायचं. विमलबाईंनी काहीच मागितलं नाही. आठ महिन्यांनी समितीने मुलीला तिथे तात्पुरतं पाठवलं. कायम ठेवायचं की नाही, हे अक्काच्या अंतिम अहवालावर ठरणार होतं. गल्लीतल्या रफिकभाई वेल्डरने टाकीच्या तोंडावर लोखंडी जाळी बोल्टने बसवून दिली. पाइप जाईल एवढंच भोक ठेवलं, कळशी जाणार नाही. शेजाऱ्यांनी कुरकुर केली. पहिल्या पाण्याच्या दिवशी अक्का दारात दिसताच विमलबाई म्हणाल्या, “तुमले आजच येवानं व्हतं का?” नाना आतून म्हणाले, “बसू दे तिले.” अक्का टाकीशेजारी स्टुलावर बसली. त्यानंतर जवळपास प्रत्येक पाण्याच्या दिवशी ती तिथे बसली. दोघी बायका फारसं बोलत नसत. चहा मात्र मिळायचा.

सुनीताही तिथे असायची, टाकीच्या दुसऱ्या बाजूला, जाळीवर हात ठेवून. पाण्याच्या दिवशी ती शाळेत जात नव्हती. विमलबाईंनी रागावून पाहिलं, नानांनी सायकलवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, ती परत आली. एकदा तिने अक्काला विचारलं, “त्या दिवशी तुम्ही का नाही आल्या?” हे अक्काने मला एकदाच सांगितलं, पारोळ्याच्या बसस्टँडवर, गाडीची वाट पाहताना. तू काय सांगितलंस, असं मी विचारलं. “खरं तेच. पाण्याच्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, आणि मलाही कोरड्या घरात जाणं बरं वाटायचं.” मग सुनीता काय म्हणाली? “स्टूल जवळ सरकवलं माझं.”

अंतिम अहवाल ती लांबवत होती. जाळी झाली, नोंदी झाल्या, संस्थेतून दोनदा विचारणा झाली. मी तिला म्हणालो, अक्का, आता काय राहिलंय, त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय. ती म्हणाली, “ज्या दिवशी ती नळ सोडून शाळेत जाईल, त्या दिवशी मी सही करीन. घर धोक्याचं नाही हे तिला पटलं पाहिजे, मला पटून काय उपयोग?” अर्जात असा प्रश्न नव्हता.

तिच्या कपाटात तो अहवाल सापडला. सगळे रकाने भरलेले होते. सही नव्हती. प्रत्येक भेटीची वेगळी नोंद होती आणि प्रत्येक नोंदीची शेवटची ओळ सारखीच होती: मुलगी आज घरी. मी तो अहवाल संस्थेकडे दिला.

नव्या कार्यकर्तीने धुळ्याला जाऊन घर पाहिलं, जाळी ओढून पाहिली आणि शिफारस केली. समितीने सुनीताला विमलबाई आणि भटूनाना यांच्याकडेच ठेवण्याचा आदेश दिला. आदेशाची प्रत त्यांना गेल्या मंगळवारी मिळाली. शुक्रवारी गल्लीत नळ आला. भटूनानांनी मला फोनवर वेळ सांगितली, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. पाणी अकरा वाजता गेलं. सुनीता त्या दिवशी शाळेत गेली नाही.