हिरवी रांग

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात सुई होती, पेन नव्हतं. ज्याच्या हाती ही वही लागेल त्याने सांभाळून घ्यावं. घरच्यांना तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर शहापूरकडे, सापगावला. लग्न होऊन मी मुरबाडला आले आणि लोकांच्या गोधड्या शिवू लागले. गोधडीत शिवण्यापेक्षा तुकडे सांभाळणं अवघड. वहीच्या पुठ्ठ्याच्या मापाने चौकोन कापायचे, सारवलेल्या जमिनीवर मांडून बघायचे. मांडणी मनासारखी झाली की एकेका रांगेचे तुकडे क्रमाने उचलून कोपऱ्यातून दोऱ्यात ओवायचे. पहिल्या रांगेच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्या रांगेच्या दोन. मग सगळ्या रांगा खुंटीला. पोरं धावू देत की कोंबडी फिरू दे, मांडणी मोडत नाही. हे आईने शिकवलं. तिचं आणखी एक होतं: लोकांचं काम काळ्या दोऱ्यात, घरचं पांढऱ्यात.

त्या वर्षी शाळेतल्या एक बाई त्यांच्या वारलेल्या आईची लुगडी घेऊन आल्या. त्यातलं एक हिरवं, जाड सुताचं. म्हणाल्या, "आई शेतावर हेच नेसायची गो. ह्याची रांग मधे घाल, माझा हात पडेल तिथे."

त्याच दिवसांत माझ्या भावाला मुलगा झाला. बारशाला आत्याने गोधडी न्यायची आमची रीत. बाळ मोठं झालं तरी पुरावी म्हणून मी ती बाईंच्याच मापाची धरली. तिच्यातही मधली, चौथी रांग हिरवी होती, माझ्या जुन्या साडीची. काळं रीळ संपलं होतं. दुकान लांब नव्हतं, मला कंटाळा आला. दोन्ही कामं पांढऱ्या दोऱ्यात ओवून एकाच खुंटीला अडकवली.

बारशाची गोधडी घाईत जोडली आणि देऊन आले. परत येऊन बाईंच्या रांगा खाली घेतल्या. चार गाठींची रांग हातात धरली आणि कळलं. कापड पातळ होतं. माझी साडी इथे राहिली होती आणि बाईंची आई सापगावला गेली होती.

एसटीने जाऊन आणता आलं असतं. पण बाळाच्या अंगाखालची गोधडी उसवायची कशी, वहिनी काय म्हणेल, बाईंना काय सांगू? रविवारी तर त्या येणार होत्या. मी माझीच रांग मधे शिवली. माहीत असून शिवली.

बाईंनी गोधडी खाटेवर पसरली. हिरव्या रांगेवर हात फिरवत राहिल्या. "धुऊन धुऊन किती मऊ झालंय ना? आईचंच आहे हे."

मी "हो" म्हटलं आणि शिलाईचे अडीचशे घेतले.

त्यानंतर बाई बाजारात दिसल्या की मी भाजीच्या ढिगाआड व्हायची. त्या मात्र हाक मारायच्या, "अगो, तुझी गोधडी अजून नवीनच आहे!" सापगावला गेले की भाच्याच्या अंथरुणाकडे बघवत नसे.

दहाएक वर्षं गेली. एकदा वहिनी ती गोधडी काढून म्हणाली, "वन्सं, चिंध्या झाल्या हिच्या. म्हशीच्या अंगावर टाकते आता."

"नको गो. मला दे."

"तुमाला? गोधड्या शिवणारीला फाटकी गोधडी?" ती हसत सुटली. पण दिली.

ओटीवर बसून मी हिरवी रांग उसवली. सहापैकी चार तुकडे धड निघाले. ते काळ्या दोऱ्यात ओवले आणि मुरबाडला उतरल्यावर घरी न जाता बाईंच्या दारात गेले. सगळं सांगितलं. बोलताना माझी नजर त्यांच्या पायांवर होती.

तुकडे बाईंनी नाकाशी धरले. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या साडीवर हात ठेवून झोपत होते."

"व्हय बाई. उसवून देते. हे लावते."

"उसवू नको. शेजारी लाव." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ते चार तुकडे मी त्यांच्या घरी बसून लावले, पैसे न घेता. पण आधीचे अडीचशे माझ्याकडे होतेच. पुढच्या कामातून पन्नास उरले ते घेऊन गेले.

"मी मागितले का?" बाई म्हणाल्या.

"नाय. पण मला ठेवायचे नायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नोट घेतली. अशा चार खेपा झाल्या. काल पन्नासाची पाचवी नोट दिली.