खाडीच्या पाण्यातला पिवळा ठिपका

प्रभाकरला नोकरी लागली आणि गुणाजीच्या पोटात दुखायला लागलं. का नाही लागणार? दोघं बाळकुमच्या कोळीवाड्यातले, दोघं ठाण्याला एकाच सरांच्या चित्रकलेच्या क्लासला. सरांनी जुन्या फ्रेंच चित्रकारांची चित्रं दाखवलेली. रंग कालवायचे नाहीत, शेजारीशेजारी ठिपके ठेवायचे, लांबून बघताना डोळाच ते मिसळून घेतो. हे गुणाजीला आधी जमलं. प्रभ्या मेला पाणी म्हणजे नुसता निळा रंग समजत होता. आणि सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत खुर्चीवर जाऊन बसला कोण, तर हाच. पडद्यावर तेव्हा मोजकेच रंग मिळायचे, तिथे ही ठिपक्यांची रीत फिट्ट बसली. गुणाजी मात्र होड्याच रंगवत राहिला.

मग कंपनीला आणखी एक चित्रकार हवा झाला. प्रभाकर स्वतः सांगायला आला. कागदावर सकाळच्या खाडीचा एक छोटा चौकोन रंगवायचा, कॉम्प्युटर तोच चौकोन पुन्हा पुन्हा लावून अख्खी खाडी करणार.

"गुण्या, एक ध्यानात ठेव. चौकोनात एकही ठिपका उठून दिसता कामा नये."

गुणाजी मनात हसला. नारळी पुनवेआधी होड्या रंगवताना कोळीवाड्यात कोणी कोणाला खरी युक्ती सांगत नसे. विचारलंच तर मुद्दाम उलटं सांगायचं, ऐकणारा फसला की वर्षभर हसायचं. या दोघांनी एकमेकांना कितीदा तरी असं गंडवलेलं. आत्ताही हा शहाणा आपला पत्ता कापायलाच आलाय, अशी त्याची खात्री पटली. आपण तिथे गेलो तर याला कोण विचारणार?

त्याने जीव ओतून पाणी रंगवलं आणि बरोब्बर मधोमध उन्हाचा लखलखीत पिवळा ठिपका ठेवला.

कंपनीच्या साहेबांनी तो चौकोन पडद्यावर पसरला. पाणी गेलं कुठच्या कुठे, उरले नुसते पिवळे ठिपके, ओळीने, छापील लुगड्यावर असतात तसे. ऑफिसातली पोरं तोंड दाबून हसली.

"साहेब, मला पाणी बघायला यानेच शिकवलं," प्रभाकर म्हणाला. "अजून एक चान्स द्या त्याला."

साहेबांनी ऐकलं नाही. जागा दुसऱ्याला गेली.

घरी आल्यावर आईने, शेवंतीने, विचारलं, "प्रभ्याने काही सांगितलं नव्हतं का रे?"

"सांगितलेलं."

"मग?"

गुणाजी ब्रश धुवायला उठला. आजवर निदान प्रभ्याला लबाड तरी म्हणता येत होतं. आता तेवढाही आधार त्या मेल्याने ठेवला नव्हता.